शून्य ते शंभरचा आकडा आणि रस्त्यावरचा खरा पिकअप: आलिशान वेगवान गाड्यांची तुलना करायची कशी?

सरळरेषा (पुणे)

बीएमडब्ल्यूची नवी एम५ नोव्हेंबर २०२४ मध्ये १ कोटी ९९ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला भारतात आली, तेव्हापासून एकच प्रश्न निरनिराळ्या लोकांकडून माझ्यापुढे येत आहे. आधीच्या पिढीची एम५ कॉम्पिटिशन ६२५ अश्वशक्तीची होती आणि कंपनीच्या आकड्यानुसार ३.३ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठत असे. नव्या गाडीत ४.४ लिटरच्या व्ही८ इंजिनाला विजेच्या मोटरची जोड मिळाली, एकत्रित ताकद ७२७ अश्वशक्तीवर गेली, टॉर्क ७५० वरून १,००० न्यूटन-मीटर झाला, आणि तरीही शंभर गाठायला तिला ३.५ सेकंद लागतात. मग वाढलेली शंभर अश्वशक्ती गेली कुठे, असा तो प्रश्न आहे.

वजनात गेली, हे उत्तर आता बहुतेकांना पाठ आहे आणि ते खरेही आहे. बॅटरी आणि मोटर यांमुळे नवी गाडी जुनीपेक्षा साडेपाचशे किलोंच्या आसपास जड झाली असून तिचे वजन २,४३५ किलोपर्यंत पोहोचले आहे. टनामागे अश्वशक्ती काढली, तर जुन्या गाडीत ती सुमारे ३३० भरते आणि नव्या गाडीत ३०० च्या आत राहते. परंतु एवढ्यावर थांबलो, तर दुसरी गोष्ट नजरेतून सुटते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

कंपनीचेच आकडे घेऊन थोडे गणित करून पाहू. चालक धरून नव्या एम५चे वजन २,५१० किलो मानले, तर ताशी १०० किलोमीटरला तिच्यात सुमारे ९७० किलोजूल गतिज ऊर्जा असते. ती ३.५ सेकंदांत द्यायची म्हणजे सरासरी २७७ किलोवॅट, अर्थात ३७५ अश्वशक्तीच्या आसपास ताकद चाकांपाशी पोहोचली. कागदावर ७२७ आणि रस्त्यावर सरासरी ३७५, म्हणजे जवळजवळ निम्मीच. यात इंजिनाचा दोष नाही, कारण सुरुवातीच्या दोन सेकंदांत गाडीचा वेग इतका कमी असतो की टायरची पकड जेवढे झेपेल तेवढाच जोर कामी येतो आणि उरलेली ताकद संगणक मुद्दाम रोखून धरतो.

आता पुढचा टप्पा पाहू. हीच गाडी ० ते २०० साठी १०.९ सेकंद घेते, म्हणजे १०० ते २०० या टप्प्याला ७.४ सेकंद लागतात. त्या टप्प्यात आधीच्या तिप्पट, म्हणजे सुमारे २,९०० किलोजूल ऊर्जा भरावी लागते, आणि सरासरी ३९० किलोवॅटच्या पुढे, म्हणजे ५३० अश्वशक्तीच्या आसपास जाते. शिवाय हवेचा रोध आहेच, आणि वेग दुप्पट झाला की तो कापण्यासाठी लागणारी ताकद आठपट होते, हेही विसरता येत नाही. थोडक्यात इंजिनाची खरी कसोटी शंभरच्या पुढे लागते. जुन्या एम५ कॉम्पिटिशनला हा टप्पा पार करायला १०.८ वजा ३.३, म्हणजे ७.५ सेकंद लागत. दोन्ही आकडे दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत दिलेले असल्याने वजाबाकीत एक दशांश इकडेतिकडे होऊ शकतो. त्यामुळे नवी गाडी इथे पुढे आहे असे मी म्हणणार नाही. ती फारशी मागे मात्र नाही, एवढे नक्की म्हणता येते. उभ्या जागेवरून दोन दशांश मागे राहिलेली गाडी चालत्या वेगात जुनीच्या बरोबरीने जाते. वाढलेली ताकद वाढलेल्या वजनाला तिथे पुरी पडते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की ज्या एका आकड्यावर आपण या गाड्यांची प्रतवारी लावतो, तो आकडा गाडीपेक्षा टायर, रस्त्याचा पृष्ठभाग आणि सुटण्याचे तंत्र यांविषयीच अधिक सांगतो. आपल्या वाहतुकीत कोणी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबून, लाँच कंट्रोल (उभ्या गाडीला जास्तीत जास्त जोराने सोडणारी संगणकाची सोय) लावून सुटत नाही. मग तुलना कोणत्या मापाने करावी, यावर जाणकारांनी लिहावे.

मोजपट्टी (नाशिक)

सरळरेषा, तुमचे गणित पटले. मात्र त्याही आधीचा एक घोटाळा दूर करायला हवा, तो म्हणजे शून्य नेमके कुठे सुरू होते हा.

अमेरिकेतील ड्रॅग शर्यतीत पुढचे चाक प्रकाशकिरणांच्या मधे उभे असते आणि गाडी साधारण एक फूट पुढे सरकल्यावर घड्याळ चालू होते. ही प्रथा तिथल्या मासिकांनी आणि काही कंपन्यांनी आपल्या आकड्यांतही उचलली आहे. एक फूट म्हणजे ३०.५ सेंटिमीटर. गुरुत्वाइतक्या त्वरणाने सुटलेल्या गाडीला तेवढे अंतर कापायला पाव सेकंद लागतो आणि त्या क्षणी तिचा वेग ताशी ९ किलोमीटरच्या जवळ पोहोचलेला असतो. त्यात अमेरिकेतील माप ताशी ६० मैलांचे, म्हणजे ९६.५६ किलोमीटरचे. म्हणजे ज्याला आपण ‘शून्य ते शंभर’ समजून वाचतो, तो प्रत्यक्षात ‘नऊ ते सत्त्याण्णव’चा आकडा असतो. दोन्ही सवलती मिळून सुमारे ०.३५ सेकंदाचा फरक पडतो, आणि ज्या वर्गात गाड्या दोन-दोन दशांशांनी पुढेमागे असतात, त्या वर्गात हा फरक फार मोठा आहे.

टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडचे उदाहरण सर्वांसमोर आहे. १,०२० अश्वशक्तीच्या या गाडीसाठी १.९९ सेकंदांचा दावा २०२१ मध्ये झाला, तो ताशी ६० मैलांचा आणि पहिला फूट वगळून केलेला. मोटरट्रेंड मासिकाने त्याच वर्षी चाचणी घेतली, तेव्हा चिकट द्रव्य लावून तयार केलेल्या ड्रॅग पट्टीवर १.९८ आणि साध्या डांबरावर २.०७ सेकंद आले, तेही पहिला फूट वगळूनच. जर्मन पद्धतीने अगदी जागेवरून शंभरपर्यंत मोजले, तर माझ्या हिशेबाने ही गाडी २.३ ते २.४ सेकंदांच्या आसपास येईल. तरीही ती विलक्षणच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त तिचे १.९९ आणि पोर्शच्या विजेवरच्या टायकॅन टर्बो एसचे २.८ हे आकडे शेजारी शेजारी मांडू नयेत, कारण त्यांची मोजमापे वेगळी आहेत.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.७८ मीटर. त्याला ९.८१ ने भागले की २.८३ येते. ज्या टायरची पकड गाडीच्या वजनाइतकाच जोर पेलते, त्या टायरवर चारही चाकांनी ओढणारी कितीही ताकदवान गाडी २.८३ सेकंदांच्या आत शंभर गाठू शकत नाही. त्याच्या आतला प्रत्येक आकडा टायरच्या रसायनाने आणि पृष्ठभागाच्या तयारीने मिळवलेला असतो.

वाचनमात्र (ठाणे)

एक शंका विचारतो. चित्रफितींमध्ये स्पीडोमीटर आणि घड्याळ शेजारी दाखवून वेळ काढतात, ती कितपत धरावी?

सरळरेषा (पुणे)

धरू नये. स्पीडोमीटरविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम असा आहे की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, आणि जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ताशी ४ किलोमीटर इथपर्यंत चालेल. त्यामुळे काट्यावर शंभर दिसतात तेव्हा गाडी ताशी ९६ ने जात असू शकते, आणि दुसऱ्या कंपनीची गाडी त्याच क्षणी ९९ ने. चित्रफितीत जिंकलेली गाडी शेजारी उभी करून पळवली तर हरू शकते.

घाटवाट (कोल्हापूर)

इथवर सगळी चर्चा युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या आकड्यांवर चालली आहे. आपल्याकडे त्यांतले किती उरते, हे मला मांडायचे आहे.

पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचावर आहे. एप्रिलमधली ३८ अंशांची दुपार धरली, तर समुद्रकाठच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेच्या तुलनेत इथली हवा सुमारे १३ टक्के विरळ भरते. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. टर्बो इंजिन ही तूट पंखा जास्त फिरवून भरून काढते, पण दाबलेली हवा तापते आणि ती थंड करणाऱ्या इंटरकूलरला बाहेरून मिळते तीही अडतीस अंशांचीच हवा. विजेच्या गाडीला यातले काहीच भोवत नाही. उलट विरळ हवेचा रोध कमी झाल्याने तिचा थोडा फायदाच होतो. म्हणून पेट्रोल आणि वीज यांची तुलना जिथे झाली तिथली उंची आणि तापमान सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही.

इंधनाचेही तसेच आहे. या जर्मन इंजिनांचे आकडे बहुधा ९८ ऑक्टेनच्या (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याच्या गुणाचे माप) पेट्रोलवर काढलेले असतात, आणि आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचे किमान प्रमाण कित्येक वर्षे ९१ होते. ऑक्टेन कमी पडला की इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो. चालकाला ठोके ऐकू येत नाहीत, पण जोर कमी झालेला असतो. इथेनॉलच्या मिश्रणाने ऑक्टेन वाढतो, हे खरे. परंतु लिटरमागे मिळणारी ऊर्जा कमी होते. इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरात शंभर ऑक्टेनचे पेट्रोल आणले, पण ते मोजक्या शहरांतल्या मोजक्याच पंपांवर मिळते. पंपावर काय भरले, हे लिहिल्याशिवाय वेळेचा आकडा सांगणे अपुरे आहे, असे मी मानतो.

आता एक पाहिलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बंद धावपट्टीवर आम्ही चौघे मित्र दिवसभर थांबलो होतो. काचेवर आतून वेग आणि वेळ मोजणारी जीपीएसची डबी चिकटवलेली, टायरमधली हवा सकाळी थंड असतानाच मोजलेली. गाडी होती एका मित्राची, व्ही८ टर्बो सेडान. पहिली धाव सुरेख झाली, मागचा भाग बसला, नाक उचलले गेले आणि डबीवर आलेली वेळ कंपनीच्या दाव्याला जवळजवळ भिडली. दुसऱ्या धावेत थोडी घट झाली. तिसऱ्या वेळी लाँच कंट्रोल चालूच होईना. गिअरबॉक्स तापला असल्याचा इशारा पडद्यावर आला आणि बॉनेट उघडून पंख्याचा आवाज ऐकत आम्ही वीस मिनिटे उन्हात उभे राहिलो. चौथी धाव झाली तेव्हा पहिल्या धावेपेक्षा जवळपास अर्धा सेकंद जास्त लागला होता. गाडी तीच, चालक तोच, टायरही तेच. त्या दिवसापासून एका धावेचा आकडा कोणी सांगितला की मी पहिल्यांदा विचारतो, ही कितवी धाव?

नेकारकाठ (स्टुटगार्ट)

घाटवाट यांचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचे एक सार्वजनिक उत्तर माझ्याच परिसरातून आलेले आहे. टायकॅन बाजारात येण्याआधी, २०१९ च्या उन्हाळ्यात पोर्शने लार येथील विमानतळावर पूर्व-उत्पादन गाडी एकामागून एक २६ वेळा शून्यापासून दोनशेपर्यंत पळवली. सरासरी दहा सेकंदांच्या आत राहिली आणि सर्वांत जलद व सर्वांत मंद धावेतला फरक ०.८ सेकंद होता. हा कंपनीचा स्वतःचा प्रयोग होता, हे मान्य. पण विजेच्या गाडीचा पिकअप दोन धावांत संपतो, या त्या काळी सरसकट केल्या जाणाऱ्या आक्षेपाला त्यांनी आकड्यांनी उत्तर दिले, याचे मला आजही कौतुक वाटते. ४०० व्होल्टऐवजी ८०० व्होल्टची प्रणाली असल्यामुळे तेवढ्याच ताकदीला निम्मा विद्युतप्रवाह पुरतो आणि तारांमध्ये, जोडांमध्ये उष्णता कमी साठते, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

त्याच गाडीविषयी दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. त्या पहिल्या टायकॅन टर्बो एसची ७६१ अश्वशक्ती फक्त लाँच कंट्रोलने सुटताना, काही सेकंदांपुरती मिळत असे. एरवी ती ६२५ अश्वशक्तीची गाडी होती. तिचे शंभरपर्यंतचे २.८ आणि दोनशेपर्यंतचे ९.८ हे आकडे सरळरेषा यांच्या पद्धतीने वजा केले की १०० ते २०० ला ७.० सेकंद येतात. नव्या एम५पेक्षा ती शंभरपर्यंत ०.७ सेकंद पुढे आहे, आणि पुढचे शंभर गाठताना हीच आघाडी ०.४ ने वाढते. ज्या टप्प्यात सुटण्याचे तंत्र उरत नाही, तिथे दोघींमधले अंतर अधिक सावकाश वाढते. मागच्या चाकांच्या आसावर दोन गिअरचा गिअरबॉक्स नसता, तर ही आघाडी आणखी रोडावली असती, कारण एकाच गिअरची मोटर फार वेगात गेल्यावर तिचा जोर ओसरू लागतो.

इथे १०० ते २०० हा आकडा कागदी नाही. स्टुटगार्टहून ए८१ महामार्गाने दक्षिणेला जाताना वेगमर्यादा संपल्याचा तो पांढरा गोल, तिरप्या काळ्या रेघांचा फलक येतो, आणि डाव्या मार्गिकेतल्या सगळ्या गाड्या एकदम लांबू लागतात. मी स्वतः सहा सिलिंडरची डिझेल गाडी चालवतो. मागून येणारी टायकॅन फलकाशी क्षणार्धात पुढे निघून जाते, आवाजही न करता. त्याच जागी व्ही८ वॅगन आधी किंचित थबकते, गिअरबॉक्स दोन-तीन गिअर खाली उतरतो, आणि मग ती सुटते. ती थबक अर्ध्या सेकंदाची असेल, पण बाजूच्या मार्गिकेतून ती स्पष्ट दिसते. त्यानंतर मात्र दोघींमधले अंतर फारसे वाढताना दिसत नाही. हिवाळ्यात, दोन-तीन अंशांच्या तापमानात आणि हिवाळी टायरांवर यांतली एकही गाडी उन्हाळ्यासारखी सुटत नाही. सल्ला म्हणून इथे ताशी १३० चा वेग सांगितलेला आहे, हेही नमूद करतो.

मागचीसीट (मुंबई)

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. रोल्स-रॉईस घोस्ट शंभर गाठायला ४.८ सेकंद घेते आणि विजेवरची स्पेक्टर ४.५ सेकंद. सुमारे २,९०० किलोच्या स्पेक्टरसाठी हा आकडा लहान नाही, पण या धाग्यातल्या गाड्यांपुढे दोघी मागे पडतात. तरीही तुलनेतून त्यांना वगळणे मला पटत नाही, कारण आलिशान गाडीत त्वरणाचा दर्जा सेकंदांबरोबरच ते कसे वाढते यावरही ठरतो. जोर एकदम मानेवर येतो की हळूहळू भरत जातो, गिअर बदलल्याचे मागे बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला कळते की नाही, हे मोजणारी डबी नाही. पण दोन कोटींच्या पुढे पैसे देणारा माणूस याच गोष्टीसाठी देतो.

सरळरेषा (पुणे)

मागचीसीट, तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण ते मोजताच येत नाही, असे मात्र नाही. वेळेबरोबर त्वरण कसे बदलले याचा आलेख काढला की धक्का त्यात उंच टोकासारखा दिसतो. जीपीएसच्या साध्या डबीतूनही असा आलेख काढता येतो आणि खरे तर तोच प्रसिद्ध व्हायला हवा.

सर्वांचे वाचून मी माझ्यापुरती पद्धत ठरवली आहे, ती मांडतो. उभ्या जागेवरून सुटण्याची वेळ मी घेणार, पण पहिला फूट न वगळता, आणि लाँच कंट्रोलशिवाय एकदा तरी. अमेरिकेतील कार अँड ड्रायव्हर मासिक ताशी ५ ते ६० मैल अशी सरकत्या गाडीची वेळ अनेक वर्षे वेगळी छापते. टर्बो गाड्यांचा तो आकडा उभ्या सुटण्यापेक्षा मोठा येतो, आणि सिग्नलवरून निघताना आपल्याला मिळतो तो पिकअप तोच असतो. त्यानंतर सर्वांत जास्त भर ८० ते १२० वर. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला १०० ची, त्यामुळे ट्रकांची रांग ओलांडताना आपल्या उपयोगाचा टप्पा हाच आहे. यात घड्याळ पाय दाबल्याच्या क्षणी चालू व्हायला हवे. ताशी ८० ला अर्धा सेकंद म्हणजे ११ मीटर. गिअरबॉक्सने विचार करण्यात घालवलेले ते ११ मीटर बहुतेक आकडेवारीतून गळून जातात, कारण तिथे घड्याळ गाडीचा वेग ऐंशीच्या पुढे सरकल्यावरच सुरू होते.

प्रत्येक धाव दोन्ही दिशांना घ्यावी. एक टक्का उतार डोळ्यांना कळतही नाही, पण दीडशेच्या पुढे, जिथे त्वरण प्रति सेकंद वर्ग ३ मीटरच्या आसपास उरलेले असते, तिथे तो वेळेत तीन टक्क्यांचा फरक पाडतो. हे सगळे सार्वजनिक रस्त्यावर कोणीही करू नये. मध्य प्रदेशात पीथमपूर येथे नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग २०२१ पासून खुला आहे, आणि शंभरच्या पुढचे माप घ्यायला तोच योग्य आहे.

घाटवाट (कोल्हापूर)

यात दोन नोंदींची भर घालतो: टाकीत किती इंधन होते, आणि गाडीत किती माणसे होती. आमच्या त्या दिवशीच्या चौथ्या धावेत मागच्या सीटवर दोघे जण बसले होते, हे आत्ता, तुमची यादी वाचताना आठवले. म्हणजे मी वर लिहिलेल्या अर्ध्या सेकंदातला काही भाग उष्णतेचा नसून दीडशे किलो वजनाचा असणार. तो आकडा तेवढा कमी करून वाचावा.